सत्कारात अडकलेली फायनल

बेसबॉलचा पंच व्हायला त्या काळी आमच्या कॉलेजात दोनच गोष्टी लागत. एक, इंग्रजी वाचता येणं. दुसरी, सरांना नाही म्हणता न येणं. माझ्याकडं पहिली थोडी होती आणि दुसरी भरपूर.

सर म्हणजे आमचे क्रीडा शिक्षक. जिल्ह्यातल्या चौदा वर्षांखालच्या मुलींची बेसबॉल स्पर्धा आमच्या संस्थेच्या मैदानावर भरवायची ठरली, तेव्हा त्यांनी मला ग्रंथालयातून बाहेर बोलावलं आणि नियमांच्या झेरॉक्सचा जाडजूड गठ्ठा हातात ठेवला.

"तू इंग्रजी वाचतोस न्हवं?"

"वाचतो सर, पण डिक्शनरी लागते."

"मग डिक्शनरी घे आणि वाच. तूच पंच."

"सर, मी बेसबॉल कधी बघितलेला नाही."

"मी तरी कुठं बघितलाय?" सर म्हणाले. "जिल्ह्यात कुणी बघितलेला न्हाय. म्हणून तर सोपं हाय. चुकलास तर कळणार कुणाला?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळं कॉलेजातल्या माणसानं काही सांगितलं की ते मी फार मनावर घेत असे. इतर मुलं सरांचं काम टाळायला शंभर कारणं सांगत. मला एकही सुचत नसे, आणि सुचलं तर ते खोटं आहे असं वाटून मी गप्प बसे. तो गठ्ठा मी कसबा बावड्यातल्या खोलीवर नेला आणि परीक्षेचा अभ्यास करावा तसा वाचला. 'स्ट्राइक' हा शब्द मोठ्यानं ओरडायचा असतो असं त्यात होतं. खोलीतले दोघे सोबती मला ओरडू देईनात, म्हणून मी संध्याकाळी साखर कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर जाऊन ओरडायचा सराव केला. उसाच्या गाडीचे बैल बुजले आणि गाडीवानानं मला बेसबॉलच्या नियमांत नसलेले बरेच शब्द ऐकवले.

रविवारी गावी गेलो तेव्हा वडिलांना सांगितलं.

"बेसबॉल म्हंजे कुस्तीगत असतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, चेंडूफळीसारखं."

"मग चालंल. कुस्तीचा पंच म्हणून तुला कुणी हौद्यात उभं केलं नसतं." पण शेजारी जाऊन त्यांनी लगेच सांगितलं, की पोराला कॉलेजनं न्यायाधीश केलंय.

स्पर्धा बेसबॉलचीच का, हे मी सरांना एकदा भीतभीत विचारलं. सर माझ्यावर खूश होते, म्हणून खरं सांगितलं. संस्थेच्या अध्यक्षांनी एमआयडीसीच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून एक पार्क बांधला होता. पाळणे, घसरगुंड्या आणि सिमेंटचं अख्खं खेडं. त्याच्या उद्घाटनाला पोरं हवी होती, ती गणवेशातली आणि जिल्हाभरातली. "कबड्डी घेतली तर साठ संघ येतात, दोन दिवस जातात आणि डोकी फुटतात," सर म्हणाले. "बेसबॉलला चार संघ. जेवायच्या आत कप वाटून मोकळं. मग पोरं गाडीत घालायची आणि पार्कात उतरवायची."

म्हणजे खेळ पार्कासाठी होता. मला हे समजायला हवं होतं. पण मी गठ्ठ्यातलं साठावं पान वाचत होतो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर फक्की ओतून रेषा मारल्या. सरांचा हात खो-खोच्या मैदानाला सरावलेला, त्यांनी झपाट्यात दोन सरळ रेषा ओढल्या, तेव्हा मी हळूच म्हणालो, "सर, ह्यात चौकोन तिरका असतो." सरांनी आकाशाकडं बघितलं आणि फक्कीचा डबा माझ्याकडं दिला. मग शुभारंभाचा नारळ. फलंदाज जिथं उभा राहतो आणि धावून परत जिथं पोचतो, त्या जागेला होम प्लेट म्हणतात. ती आम्ही जुन्या रबरी मॅटमधून कापली होती. स्पर्धेचा मान तिचाच, म्हणून सरांनी नारळ तिच्यावरच आपटला. रबरावरून नारळ उडाला आणि सरांच्या नडगीवर बसला. दुसऱ्यांदा तो स्वागतगीताला आणलेल्या पेटीवाल्याच्या पायात गेला. शेवटी शिपायानं स्लगर घेतला, म्हणजे बेसबॉलची बॅट, आणि एका फटक्यात नारळाचे तीन तुकडे केले. दिवसभरात त्याहून स्वच्छ फटका कुणी मारला नाही. पाणी मात्र प्लेटवर सांडलं, आणि दुपारपर्यंत तिथं मुंगळ्यांनी घर केलं.

चारपैकी तीन संघ शहरातले, एक सीमेकडच्या खेड्यातला. तो वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून आला. मागं बारा मुली, पुढं चालक, आणि तोच त्यांचा व्यवस्थापकही. त्यांच्या शाळेतल्या बाईंना निवडणुकीच्या कामाला लावलं होतं, म्हणून संघाच्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीचा मामा जीपसकट आला होता. त्याच्या गळ्यात शिट्टी होती. ती तो गाडी मागं घेताना वाजवत असावा.

ती मुलगी थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काटक, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, पायात कापडी बूट.

"सर, पंच तुमी व्हय?"

"हो."

"पयल्यांदाच?"

"हो," मी म्हणालो.

"चालतंय की. मी पण एवढ्या मोठ्या मैदानावर पयल्यांदाच टाकतो." आमच्या भागातल्या मुलींसारखी ती स्वतःबद्दल 'टाकतो', 'येतो' असंच बोलत होती. "फकस्त एक करा. जे दिसंल तेच सांगा."

मामा मागून हसला. "तिचं मनावर घेऊ नका पावणं. गुऱ्हाळाच्या चिमणीवर चौकोन काढून टाकत असत्या दिवसभर. अज्जा म्हणतोय, चिमणी पाडशील एक दिवस." मग तो थोडा जवळ आला. "पर आजचं तेवढं बघा. आमची शाळा आठवीपतोरच. ही यंदा आठवीत. पुढं ज्या हायस्कुलात जाणार तितं बेसबॉल कुणाला म्हाईत न्हाय. जिंकली तर विभागीयला जाईल, चार लोकं बघतील, कोण तरी म्हणंल हिला आमच्यात द्या. न्हाय जिंकली तर चिमणीच."

मी मान हलवली. त्याला वाटलं मी वचन दिलं. मी फक्त मान हलवली होती. पण दिवसभर ते वचन माझ्या मानेवर जड होत गेलं.

तिचं टाकणं मात्र बघण्यासारखं होतं. पहिला सामना त्यांनी सहज घेतला. फायनल आमच्याच संस्थेच्या शाळेशी पडली. आमच्या मुलींकडं नवे ग्लोव्हज होते, निळ्या टोप्या होत्या, आणि सर होते. पाहुण्या संघाकडं तीनच ग्लोव्हज, तेही फाटके. त्यामुळं आमच्या मुली फलंदाजीला आल्या की आपले ग्लोव्हज मैदानातच टाकून येत आणि पाहुण्या मुली ते घालत. एवढा समजूतदारपणा त्या मैदानावर नंतर दिवसभरात कुणी दाखवला नाही.

शेवटचा डाव. पाहुण्या संघाची एक धाव जास्त. आमच्या संघाच्या दोघी बाद, एक मुलगी दुसऱ्या बेसवर, म्हणजे चौकोनाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर, एक तिसऱ्यावर. समोर आमची सर्वांत दणकट फलंदाज. तीन बॉल, दोन स्ट्राइक. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: चेंडू प्लेटवरून नीट गेला आणि फलंदाजानं तो सोडला किंवा तिचा फटका चुकला, तर तो स्ट्राइक, तिसऱ्या स्ट्राइकला ती बाद; बाहेरून गेलेला सोडला तर नुसता बॉल. म्हणजे आता एक चांगला चेंडू पडला की पाहुण्या मुली जिंकल्या. फटका बसला तर आमच्या दोघी धावून आत येणार आणि आम्ही जिंकणार. सगळी फायनल एका चेंडूवर येऊन थांबली होती. मुलीनं चेंडू ग्लोव्हमध्ये घेतला, श्वास घेतला.

आणि मैदानात अध्यक्षांची गाडी शिरली.

कडेला नाही, मैदानात. फक्कीच्या रेषा पुसत ती थेट पिचरच्या मागं येऊन उभी राहिली. पेटीवाल्यानं पेटी सुरू केली, सर धावले, आणि सत्कार सुरू झाला. आमच्याकडं कार्यक्रमाला सत्कार नसतो. सत्काराला कार्यक्रम असतो. अध्यक्षांचा सत्कार झाला, उपाध्यक्षांचा झाला, पार्कच्या ठेकेदाराचा झाला, ठेकेदाराच्या वडिलांचा झाला, पार्कातले पुतळे घडवणाऱ्याचा झाला. मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा सत्कार झाला.

दोन्ही बेसवरच्या मुली उन्हात तशाच उभ्या होत्या. चेंडू चालू असताना बेस सोडला आणि अंगाला चेंडू लावला तर बाद, असं मीच त्यांना सकाळी दहा वेळा बजावलं होतं, आणि खेळ थांबला असं मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं सुचलंच नाही. फेटे बांधणाऱ्याला वाटलं, ओळीत न हलता उभी आहेत ती सगळी पाहुणे मंडळी. त्यानं तिसऱ्या बेसवरच्या मुलीलाही फेटा बांधला. तिनं पाय बेसवर ठेवून तो मुकाट बांधून घेतला.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "बेसबॉल हा आपल्या मातीतला खेळ हाय," ते म्हणाले. "आपला विटीदांडू बघूनच परदेशी लोकांनी तो उचलला. आज तो परत घरी आलाय." टाळ्या पडल्या. मी गठ्ठा काखेत धरून उभा होतो. त्यातल्या इतिहासाच्या पानावर असं काही नव्हतं, पण ते पान अध्यक्षांना दाखवण्याएवढा माझा जीव नव्हता. भाषण संपलं तेव्हा जेवणाची वेळ उलटून गेली होती. अध्यक्ष सरांना म्हणाले, "उरकलं न्हवं? चला मग पार्कात."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "किती राहिलंय?"

"एक चेंडू, सर."

"मग उरकलंच की." आणि त्यांनी माईकवर सांगितलं, की वेळेअभावी फायनलचा निकाल पार्कातल्या स्टेजवर, अध्यक्षांच्या हस्ते, नाणेफेकीनं लावण्यात येईल.

ती मुलगी चेंडू हातात धरून अजून तिथंच उभी होती. गाडीनं तिच्यावर धूळ उडवली होती. ती माझ्याकडं आली.

"सर, नाणं कशाला?"

"वेळ नाही म्हणून."

"एक चेंडू टाकायला किती वेळ लागतो?"

मी गठ्ठा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"पुस्तकात आसं हाय व्हय? नाणं टाका म्हणून?"

"नाही," मी म्हणालो. "पुस्तकात आहे, की थांबलेला सामना जिथं थांबला तिथूनच पुढं खेळायचा. तेवढेच बॉल, तेवढेच स्ट्राइक, त्याच बेसवर त्याच मुली."

"मग सांगा की सरांना."

मी सरांकडं गेलो. सर जेवणाच्या मांडवात वाढप्याशी भांडत होते.

"सर, नियमात असं आहे की..."

"गप. साहेबांनी चांदीचं नाणं आणलंय. नाणं आणल्यावर सामना कशाला?"

"सर, पण त्या मुलीचं हे शेवटचं..."

"आणि आपल्या पोरींचं काय? तू कुठल्या संस्थेचा? पंच झालास म्हणून पाहुण्यांचा झालास व्हय?" मग ते जरा मऊ झाले. "नाण्यात निम्मं निम्मं असतंय लेका. एका चेंडूत आपण हरलो असतो."

सरांना बेसबॉल कळत नाही असं मी तोवर समजत होतो. मी परत आलो. मुलीनं माझं तोंड बघितलं आणि ती जीपकडं वळली. मामानं जीपचं दार जोरात लावलं.

पार्कच्या दारावर मोठी कमान होती आणि आत शिरलं की लगेच खेडं. सिमेंटचं. सिमेंटचा शेतकरी सिमेंटच्या झाडाखाली हसत बसला होता. सिमेंटची बाई म्हशीची धार काढत होती. तिच्या ओठांना लाली होती, अंगावर नवी कोरी साडी रंगवलेली होती, आणि म्हशीची शिंगं गाईची होती. आमची आई पहाटे अशी नटून धार काढायला बसली असती, तर म्हशीनं चरवीसकट तिला गोठ्याबाहेर घातलं असतं. पुढं सिमेंटचा कुंभार, सिमेंटचा न्हावी. प्रत्येकजण हसत होता. शेण कुठंच नव्हतं. खेड्यातून आलेल्या मुलींना ओळीनं उभं करून ते खेडं दाखवण्यात आलं.

"ह्ये काय?" पाहुण्या संघातली एक मुलगी म्हणाली. "ह्ये तर आमच्या दारात हाय."

"अगं, पण हे बघायला माणसं पैसे देणार हाईत," दाखवणारा म्हणाला.

"मग आमच्याकडं पाठवा की त्यास्नी. आमी चहा पण देतो."

अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघून घे पोरा. तुम्ही शहरात शिकणारी पोरं. खेडं असं असतंय." मी "हो साहेब" म्हणालो. रविवारी गावाहून येताना माझ्या चपलेला लागलेला चिखल अजून निघालेला नव्हता. तरी मी हो म्हणालो, आणि त्या वेळी मला ते खोटं बोलणं वाटलं नाही, नम्रता वाटली. शिकायला लागल्यावर माणसाला या दोन्हींतला फरक कळेनासा होतो, असं आता वाटतं.

मग पाळणे. गोल फिरणाऱ्या पाळण्यांत पहिला मान साहेबांचा. ते फेट्यासकट बसले. ठेकेदारानं स्वतः खटका ओढला. पाळणा वेगात आला तसा फेट्याचा शेमला सुटला, मग फेटाच सुटू लागला, आणि पाच-सहा वार गुलाबी कापड साहेबांच्या मागं हवेत लांबत गेलं. मागच्या पाळण्यातल्या उपाध्यक्षांच्या तोंडाला ते गुंडाळलं. त्यांना ओरडताही येईना. पोरांनी एवढ्या मोठ्यानं टाळ्या वाजवल्या की साहेबांना वाटलं, पार्क आवडला. त्यांनी ठेकेदाराला खूण करून वेग वाढवायला सांगितला.

ती मुलगी पाळण्यात बसली नव्हती. घसरगुंडीवरही गेली नव्हती. सिमेंटच्या खेड्यात मधोमध एक खळं केलं होतं, म्हणजे मळणीची गोल सपाट जागा, आणि त्याच्या कडेच्या सिमेंटच्या भिंतीवर ती चेंडू टाकत होती. टाकायची, उचलायची, परत टाकायची. हातात आमच्या मुलीचा ग्लोव्ह तसाच होता. आमची ती दणकट फलंदाजही स्लगर घेऊन तिथंच येऊन बसली होती.

"तुलाही खेळायचं आहे?" मी विचारलं.

"मग?" आमची फलंदाज म्हणाली. "नाण्यानं जिंकलो तर घरात काय सांगू? छापा मारला म्हणून?"

स्टेज खळ्याच्या शेजारीच होतं, सिमेंटच्या चावडीवर. अंधार पडायच्या आत कार्यक्रम संपवायचा म्हणून सरांनी सगळ्यांना गोळा केलं. सूत्रसंचालन करणारा मास्तर जेवणानंतर कुठं तरी आडवा झाला होता. सरांनी माईक माझ्या हातात दिला. "तू मराठी बरं बोलतोस. एवढंच म्हण: आता माननीय अध्यक्षांच्या हस्ते नाणेफेक. बास."

साहेब चांदीचं नाणं अंगठ्यावर ठेवून तयार होते. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला होता. समोर पोरं, आणि पोरांच्या कडेला ती मुलगी. ती माझ्याकडं बघत होती, पण काही मागत नव्हती. मागितलं असतं तर सोपं गेलं असतं. मी माईक तोंडाशी नेला.

"आता... माननीय अध्यक्षांच्या हस्ते..." मी म्हणालो आणि थांबलो. माईकमधून माझा श्वास सगळ्या पार्कात ऐकू येत होता. "अध्यक्षांच्या हस्ते फायनलचा राहिलेला एक चेंडू... पुढं खेळवण्यात येईल."

हे मी धाडसानं म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे वाक्य अर्ध्यावर आलं होतं आणि पुढचे शब्द दुसरे निघाले. सर माझ्याकडं असे बघत होते की मी लगेच "किंवा..." असंही म्हणालो. पण ते "किंवा" कुणाला ऐकूच गेलं नाही. दिवसभर सत्कार आणि सिमेंट बघून कंटाळलेल्या सगळ्या संघांच्या मुलींनी एकदम आरडाओरडा केला. शिट्ट्या पडल्या. त्यांतली एक मामाची होती.

साहेबांना टाळ्यांचा आवाज कळतो. ते क्षणभर नाण्याकडं बघत राहिले, मग त्यांनी ते खिशात टाकलं आणि माईक ओढून घेतला. "ही माझीच कल्पना हाय!" ते म्हणाले. "म्हटलं पोरांना हिथं खेळवून दाखवूया. घ्या, घ्या!"

खळ्यावरच मैदान झालं. होम प्लेट मैदानावरच राहिली होती, म्हणून मी गठ्ठ्यातली दोन पानं जमिनीवर पसरून चार दगडांनी दाबली. दुसरा बेस सिमेंटच्या कुंभाराच्या चाकाशी, तिसरा म्हशीच्या शेपटीशी. धावणाऱ्या दोघी आपापल्या जागी गेल्या. फेट्यातली अजून फेट्यातच होती. मी मोठ्यानं सांगितलं, "तीन बॉल, दोन स्ट्राइक, दोघी बाद." आवाज फाटला, पण शब्द बरोबर होते.

सर माझ्या मागून पुटपुटले, "आपली पोरगी हाय. ध्यानात ठेव."

मुलीनं ग्लोव्ह छातीशी धरला. आमची फलंदाज स्लगर खांद्यावर घेऊन वाकली. पाळणेसुद्धा थांबवले होते. मग तिनं टाकला.

तो वेगात आला, गुडघ्याच्या थोडा वर, पानांच्या बाहेरच्या काठावरून. फलंदाजाला वाटलं तो बाहेर जातोय. तिनं स्लगर फिरवलाच नाही. चेंडू मागं बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फटकन बसला आणि सगळे माझ्याकडं वळले. काठावरचा चेंडू. सर बघत होते, साहेब बघत होते, सिमेंटचा शेतकरी हसत होता. चेंडू वरून गेला तेव्हा खालचं पान हलताना मला दिसलं होतं. पान वाऱ्यानंही हललं असतं, हे मला ठाऊक आहे. पण चेंडूही मला दिसला होता, आणि तो काठाच्या आत होता. साखर कारखान्यामागं ओरडायचो तसं मला ओरडता आलं नाही. मी साधं म्हणालो, "स्ट्राइक. बाद."

कुणालाच काही कळलं नाही. मग पाहुण्या मुली किंचाळल्या आणि कळलं. आमच्या फलंदाजानं स्लगर जमिनीवर टेकवला, त्या काठाकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "व्हता आत."

"म्हणजे कोण जिंकलं?" साहेबांनी सरांना विचारलं.

"पाहुणे," सर म्हणाले. तोंड कडू झालं होतं.

पण साहेब उगीच अध्यक्ष झालेले नव्हते. त्यांनी माईक घेतला आणि दोन्ही हात पसरले. "पावण्यांना आम्ही रिकाम्या हातानं पाठवत न्हाय! ही आमची रीत हाय. हे विजेतेपद आमच्या संस्थेतर्फे पाहुण्या संघाला भेट!"

टाळ्या पडल्या. सर सुद्धा टाळ्या वाजवू लागले. त्यांना एकाएकी ही हार परवडायला लागली होती. सगळेच आनंदात होते. मामा हसत हात जोडत होता.

मुलगी कॅचरकडून चेंडू घेऊन स्टेजवर चढली. कुणी बोलावलं नव्हतं.

"भेट न्हाय," ती साहेबांना म्हणाली.

"काय गं बाळ?"

"भेट न्हाय दिली. आऊट केली मी." मग ती माझ्याकडं वळली. "सर, माईकवर सांगा की. आऊट झाली म्हणून."

"ए, ये खाली," मामा खालून दबक्या आवाजात म्हणाला. "साहेब हाईत ते."

"आसूद्यात. तिला मी आऊट केलं. तिनंच सांगितलं, आत होता म्हणून. भेट कशी?"

माईक साहेबांच्या हातात होता. मी हात पुढं केला. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखाद्या मोठ्या माणसाच्या हातातून काही घेत होतो, आणि ते त्यांनी गोंधळून दिलंही. मी बोललो ते फार साधं होतं. फलंदाज बाद, सामना एका धावेनं पाहुण्या संघानं जिंकला, विभागीय स्पर्धेला तोच संघ जाईल. कुठलाही माननीय नाही, कुणाच्या हस्ते नाही. नेमका शेवटच्या शब्दाला माईक किंचाळला, त्यामुळं ते जरा विजयाच्या घोषणेसारखं वाटलं.

"चला फोटो, फोटो," सर घाईनं म्हणाले.

साहेब हसत पुढं झाले. फोटोग्राफरनं मुलीला त्यांच्या शेजारी उभं केलं. साहेबांनी तिच्या हातातल्या चेंडूवर आपला हात ठेवला, कप देताना ठेवतात तसा, आणि हळूच आपल्याकडं ओढला. चेंडू आला नाही. त्यांनी पुन्हा ओढला.

"सोड की बाळ थोडा," फोटोग्राफर म्हणाला. "साहेबांनी दिल्यागत दिसू दे."

"त्यांनी दिलेला न्हाय."

खाली मामानं डोक्याला हात लावला, पण तो हसत होता. साहेबांनी ओढणं थांबवलं आणि कॅमेऱ्याकडं बघून हसले. तीही कॅमेऱ्याकडंच बघत होती, न हसता, बोटं पांढरी होईपर्यंत चेंडू आवळून. फोटोग्राफरनं थोडा वेळ वाट बघितली. मग त्यानं तसाच फोटो काढला.